‘सायलेंट स्प्रिंग’ : न लिहिलेले प्रकरण

रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. पर्यावरणावरचा कोणताही पाठ शिकवताना या पुस्तकाचे नाव निघतेच. वर्गात त्याचा सारांश साधारण असा सांगितला जातो : डीडीटी फवारले, ते पानांवरून मातीत गेले, गांडुळांच्या शरीरात साठले, गांडुळे खाणारे रॉबिन पक्षी मेले आणि वसंत ऋतू मुका झाला. अन्नसाखळी समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पुस्तकाची ओळख इथेच संपते.

पुस्तक मुळातून वाचायला घेतले की एक गोष्ट ध्यानात येते. ही गांडुळांची आणि रॉबिनची हकिकत शेतातली नाही. ती ज्या आठव्या प्रकरणात येते त्याचा विषय आहे एल्मची झाडे आणि त्यांच्यावर पडलेला परदेशी रोग. दहाव्या प्रकरणाचा पूर्वार्ध ओकच्या जंगलांतील एका परदेशी पतंगाबद्दल आहे. म्हणजे पुस्तकाचा सर्वांत गाजलेला भाग हा बाहेरून आलेल्या आणि झाडे खाणाऱ्या किड्यांशी माणसाने कसा सामना केला, याची कहाणी आहे. या बाजूने पुस्तकाकडे फारसे कुणी पाहत नाही. तसे पाहिले तर ते कसे दिसते, कुठे टिकते आणि कुठे उणे पडते, हे तपासण्याचा आमचा विचार आहे. पुस्तकाला साठ वर्षे उलटून गेली आहेत. त्याची आरती ओवाळून झाली आहे, आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांच्या बाजूने त्याच्यावर चिखलफेकही पुरेशी झाली आहे. दोन्हींत आम्हाला रस नाही.

प्रथम पतंगाविषयी. याला इंग्रजीत वर्षानुवर्षे जिप्सी मॉथ म्हणत. एका मानवसमूहाला हिणवणारे नाव नको म्हणून अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२२ साली त्याचे नाव स्पंजी मॉथ असे बदलले. त्याचा अंड्यांचा पुंजका पिवळसर तपकिरी, स्पंजाच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव लायमँट्रिया डिस्पार. मूळचा युरोप आणि आशियातला हा पतंग १८६९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मेडफर्ड या गावी एत्येन लिओपोल्ड ट्रुव्हेलो नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या घरून निसटला. कार्सनबाई सांगतात की रेशमाच्या किड्याशी त्याचा संकर करण्याचा ट्रुव्हेलोंचा प्रयत्न होता. हे दोन किडे वेगवेगळ्या कुळांतले असल्याने असा संकर होणे शक्यच नव्हते. (हे ट्रुव्हेलो पुढे किडे सोडून आकाशाकडे वळले आणि ग्रह-तेजोमेघांची अतिशय सुंदर चित्रे काढून त्यांनी नाव मिळवले. खगोलप्रेमी वाचकांना ते त्या नात्याने ठाऊक असतील.)

पुढची हकिकत कार्सनबाई वेगाने आटोपतात. ट्रुव्हेलोंच्या हातून पतंग सुटला. वाऱ्याबरोबर आणि रोपांना चिकटलेल्या अंड्यांबरोबर तो न्यू इंग्लंडमध्ये पसरला. ॲडिरॉन्डॅक पर्वतावर त्याच्या आवडीची झाडे नसल्याने पश्चिमेकडे जाण्याला अडथळा आला. परदेशातून तेरा जातींचे परजीवी व भक्षक कीटक आणून सोडले, ते रुजले आणि पतंगाचा जोर कमी झाला. एवढे सगळे मोजक्या परिच्छेदांत. मग १९५६-५७ साल येते, शेतीखाते ‘नियंत्रण’ हा शब्द सोडून ‘निर्मूलन’ हा शब्द वापरू लागते, इंधन तेलात विरघळवलेले डीडीटी घेऊन विमाने उडतात आणि बाईंची लेखणी खरी चालू लागते. लाँग आयलंडवरच्या घरांवर, तळ्यांवर, भाजीच्या वाफ्यांवर, गाईंच्या कुरणांवर झालेला फवारा, दुधात सापडलेले डीडीटी, पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी यांच्या पुढाकाराने नागरिकांनी लढलेला खटला, तो ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाचा नकार आणि न्यायमूर्ती डग्लस यांचे वेगळे मत. हे सगळे वाचताना आजही राग येतो. एवढे करून पतंग गेला का? नाही. एकाच भागात दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ‘निर्मूलन’ करण्याची भाषा खात्याला करावी लागली, हे बाईंनी नेमके पकडले आहे. जे एकदा निर्मूल झाले ते पुन्हा निर्मूल कसे करणार, हा प्रश्न आठवीतला मुलगाही विचारील.

इथपर्यंत बाईंचे म्हणणे पक्के आहे. आमचा आक्षेप त्या ज्या भरभर ओलांडून गेल्या त्या भागाबद्दल आहे.

१८६९ आणि १९५६ यांच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षे आहेत. या काळात मेडफर्डमध्ये काय घडले? पहिली वीस वर्षे काहीच दिसले नाही. ट्रुव्हेलो फ्रान्सला परत गेले. १८८९ च्या उन्हाळ्यात मात्र गावातल्या फळबागा आणि रस्त्यांकडेची झाडे सुरवंटांनी भरून गेली. भिंती, कुंपणे, पायवाटा यांवर सुरवंटांचे थर चढले. १८९० मध्ये राज्याने कायदा करून मोहीम सुरू केली. विमाने नव्हती, डीडीटी नव्हते. माणसे झाडोझाडी फिरून अंड्यांचे पुंजके शोधत आणि त्यांना क्रिओसोट लावत. खोडाभोवती गोणपाटाचा पट्टा बांधून त्याखाली सावलीला जमणारे सुरवंट रोज मारत. विषेही वापरली. पॅरिस ग्रीन पुरेसे लागू पडेना म्हणून लेड आर्सेनेट हे नवे विष याच मोहिमेत तयार झाले आणि पुढे कित्येक दशके ते सफरचंदाच्या बागांवर फवारले गेले. त्याचे शिसे आणि आर्सेनिक तिथल्या मातीत अजून सापडते. दहा वर्षांत दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला आणि पतंग शोधूनही सापडेना अशी स्थिती अनेक ठिकाणी आली.

तेव्हा विधिमंडळाने विचारले, किडा दिसत नाही तर पैसा कशाला? १९०० साली मोहीम बंद पडली. १९०५ पर्यंत पतंग पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशात हजर झाला होता.

हा प्रसंग ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये नाही. आमच्या मते तो असायला हवा होता, कारण बाहेरून येणाऱ्या किड्यांच्या बाबतीतली सर्वांत अवघड गोष्ट त्यात आहे. किड्याला आळा घालण्याचे काम यशस्वी होते तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही. मेलेले पक्षी दिसतात, न आलेला सुरवंट दिसत नाही. कार्सनबाईंचे सामर्थ्य दिसणाऱ्या हानीचे वर्णन करण्यात आहे. न घडलेल्या हानीसाठी त्यांच्याजवळ शब्द कमी पडतात. १९२३ साली हडसन नदीच्या खोऱ्याच्या बाजूने कॅनडाच्या सीमेपासून लाँग आयलंडपर्यंत एक ‘अडथळा पट्टा’ आखून त्यात सापडेल तो पुंजका नष्ट करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते. पतंगाची पश्चिमेकडील चाल मंदावली त्यात या पट्ट्याचाही वाटा होता. बाईंच्या सांगण्यात ते सारे श्रेय पर्वताला आणि परजीवी कीटकांना जाते.

दुसरी गोष्ट. लाँग आयलंडवर व न्यूयॉर्क शहराच्या आसपास फवारणी करण्यातला मूर्खपणा दाखवताना बाई म्हणतात की हा जंगलातला किडा आहे, शहरात तो राहत नाही. फवारणी मूर्खपणाची होती हे खरे, पण त्यासाठी दिलेले हे कारण चुकीचे आहे. मेडफर्ड हे बोस्टन शहराचे उपनगर. पतंगाचा पहिला मोठा उद्रेक तिथल्या परसांत झाला. आणि पुढे जे घडले ते पाहता हे वाक्य फारच महागात पडणारे आहे. १९९६ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावरच्या मेपल झाडांना वाटोळी भोके दिसू लागली. पाहणाऱ्यांना प्रथम वाटले की कुणीतरी उनाड पोरे ड्रिलने झाडे भोसकत आहेत. तो निघाला चीन-कोरियाकडचा लांब शृंगांचा भुंगेरा. यंत्रसामग्रीच्या लाकडी खोक्यांतून तो आला होता. १९९८ मध्ये तोच शिकागोत सापडला, २००८ मध्ये वूस्टर शहरात. जंगलाचा किडा जंगलात पोचण्याआधी बंदरात, गोदामात, शहराच्या रस्त्याकडेच्या झाडात उतरतो. जंगल आणि शहर असे दोन कप्पे करणे ही निसर्गप्रेमी लेखकांची जुनी सवय आहे. या एका जागी कार्सनबाईही तिला बळी पडल्या.

तिसरा मुद्दा भाकिताचा. ॲपलाशियन पर्वताच्या दक्षिण भागातील रुंदपर्णी जंगलांत हा पतंग शिरेल अशी भीती शंभर वर्षे दाखवली जात आहे, पण ती खरी ठरली नाही, असे बाईंनी लिहिले. शेतीखात्याच्या घाबरवण्याला ते उत्तर होते. दुर्दैवाने काही दशकांतच ती भीती खरी ठरली. १९८१ या एका वर्षात अमेरिकेच्या ईशान्य भागात सुमारे १ कोटी २९ लाख एकरांवरची झाडे सुरवंटांनी निष्पर्ण केली. १९८० च्या दशकात पतंग व्हर्जिनियातील शेननडोआ राष्ट्रीय उद्यानात उतरला आणि तिथल्या ओकच्या डोंगरांनी भर उन्हाळ्यात हिवाळ्याचे रूप धारण केले. ओकचे झाड एकदा निष्पर्ण झाले तर बहुधा पुन्हा पालवते, पण लागोपाठ दोन-तीन वर्षे असे झाले की दुबळे होऊन मरते. धोका खरा होता, उपाय चुकीचा होता. वादाच्या भरात उपाय चुकीचा ठरवण्यासाठी धोकाच लहान करून दाखवण्याचा मोह होतो. शास्त्रज्ञांच्या लेखनातही हा मोह दिसतो, आणि पर्यावरणाच्या चळवळींत तर फारच.

चौथा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशातून आणलेल्या ज्या तेरा मित्रकीटकांचे बाई कौतुक करतात त्यांत कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा नावाची एक परजीवी माशी आहे. १९०६ साली ती युरोपातून आणली. ही माशी सुरवंटाच्या शरीरात आपली अळी सोडते आणि अळी त्याला आतून खाते. पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. माशीच्या मात्र तीन-चार. मग पतंगाचे सुरवंट नसतील तेव्हा माशीने काय खावे? उत्तर सरळ आहे : इतर सुरवंट. आजवर १८० हून अधिक जातींच्या सुरवंटांवर ती आढळली आहे. पतंगाचा बंदोबस्त तिने किती केला हे बाजूला राहू द्या, पण न्यू इंग्लंडमधील सिक्रोपियासारखे हाताच्या पंजापेक्षा मोठे देखणे रेशीमपतंग दुर्मिळ होत गेले, त्यामागे तिचा हात असावा असा दाट संशय होता. बॉटनर, एल्किन्टन आणि बॉटनर यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने तो बळावला. सिक्रोपियाचे पाचशे सुरवंट त्यांनी जंगलात झाडांवर सोडले. त्यांतला एकही वाढ पूर्ण करून कोशापर्यंत पोचला नाही. लहान सुरवंटांच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा या माशीचा होता.

हा प्रयोग कार्सनबाईंच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी प्रसिद्ध झाला, तेव्हा तो माहीत नसल्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. परंतु माशी अनेक जातींवर जगते, किंबहुना म्हणूनच ती टिकेल, हे आणणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. डीडीटीबद्दल बाई जो प्रश्न पानोपानी विचारतात तो असा की, ज्याला मारायचे त्याच्याखेरीज आणखी कोणाला हे मारते? हाच प्रश्न त्यांनी माशीला विचारला नाही. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दोन वाटांचे रूपक आहे : एक रसायनांची आणि दुसरी जैविक उपायांची. वाचणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे की जैविक ते निर्मळ. पुढे तोच ठसा शाळेच्या पुस्तकांत उतरला. मित्रकीटक हा शब्दच पाहा. तो आपला मित्र आहे. इतर सगळ्यांचा आहे की नाही, हे शब्द सांगत नाही.

मात्र याच शेवटच्या प्रकरणात बाईंची दृष्टी किती दूरवर पोचत होती त्याचीही खूण आहे. या पतंगाची युरोपीय मादी उडत नाही. ती एका जागी बसून गंध सोडते आणि नर तो हुंगत येतो. हा गंध कृत्रिम रीतीने बनवून रानात पसरला तर नर गोंधळून जाईल आणि मादी त्याला सापडणार नाही, या कल्पनेचे त्यांनी स्वागत केले. ज्या रसायनाबद्दल त्या लिहितात, त्याचे नाव गिप्ल्युअर. ते पुढे निकामी ठरले. खरा गंध १९७० मध्ये ओळखला गेला, तो डिस्पार्ल्युअर. नाव चुकले, कल्पना अचूक निघाली. आपल्याकडचे शेतकरी कापसाच्या बोंडअळीसाठी जे कामगंध सापळे लावतात ते याच तत्त्वावर चालतात. आज अमेरिकेत पतंगाच्या आघाडीवर, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या लांबलचक पट्ट्यात, दरवर्षी हजारो कामगंध सापळे टांगले जातात. जिथे नर सापडतात तिथेच, आणि बहुतेक वेळा हाच गंध पसरून, नवी वसाहत मोडली जाते. ही योजना १९९० च्या दशकात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २००० पासून देशपातळीवर चालू आहे. तिचे नाव ‘स्लो द स्प्रेड’, म्हणजे ‘प्रसार मंद करा’. निर्मूलनाचा शब्दच नाही. त्याआधी पतंगाची आघाडी वर्षाला सुमारे २१ किलोमीटरने पुढे सरकत होती. योजनेमुळे हा वेग निम्म्याहून कमी झाला.

आता पुस्तकातल्या एका छोट्या जागेकडे वळू. दुसऱ्याच प्रकरणात बाई ब्रिटिश परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ सालच्या ग्रंथाचा आधार घेऊन परक्या जीवांच्या आक्रमणाचा विषय काढतात. अमेरिकेतल्या वनस्पतींचे जे सुमारे १८० मोठे कीटक-शत्रू आहेत त्यांतले जवळजवळ निम्मे परदेशातून, बहुतेक रोपांबरोबर, आले हेही सांगतात. आणि लगेच एका वाक्यात निकाल देतात : क्वारंटाइन आणि मोठ्या रासायनिक मोहिमा ही केवळ वेळ विकत घेण्याची अतिशय खर्चिक साधने आहेत. विषाची मोहीम आणि बंदरावरची तपासणी एकाच तराजूत! सगळ्या पुस्तकात अटकावाच्या वाट्याला आलेली जागा जवळपास एवढीच.

‘केवळ वेळ’ हे शब्द आम्हाला खटकतात. वेळ विकत घेणे म्हणजे काय, ते ॲश वृक्षाने शिकवले. २००२ साली मिशिगनमधील डेट्रॉइट शहराजवळ आणि लगतच्या कॅनडात ॲशची झाडे हिरव्या चकचकीत भुंगेऱ्याने मरताना आढळली. भुंगेरा पूर्व आशियातला. मेलेल्या झाडांच्या वर्षवलयांवरून नंतर काढलेला हिशेब सांगतो की तो १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच येऊन राहिला होता. म्हणजे सापडेपर्यंत त्याला सुमारे दहा वर्षे मोकळे रान मिळाले. स्वतःच्या पंखांनी तो बहुधा थोडेच अंतर जातो. लांबच्या उड्या माणसाने घडवून आणल्या. सुटीला तंबू ठोकायला निघालेल्या कुटुंबाने मोटारीत टाकलेला सरपणाचा भारा, रोपवाटिकेची मालमोटार. २००३ मध्ये मिशिगनमधून पाठवलेल्या कलमांबरोबर तो थेट मेरीलँडला पोचला. कोट्यवधी झाडे मेली. २०१७ साली उत्तर अमेरिकेतील ॲशच्या पाच जाती अतिसंकटग्रस्त यादीत गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या भुंगेऱ्याविरुद्धचे क्वारंटाइनच उठवले. अडवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

याच्या उलट शिकागो. तिथे लांब शृंगांचा भुंगेरा लवकर सापडला, लोकांनी झाडे दाखवून दिली, लागण झालेली झाडे तोडून त्यांचा चुरा केला, आसपासच्या निरोगी झाडांच्या खोडात कीटकनाशक टोचले, लाकूड हलवण्यास बंदी घातली. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, शहर भुंगेरामुक्त जाहीर झाले. इथे विषही वापरले गेले हे लपवण्याचे कारण नाही. कीटकनाशके कधीच वापरू नयेत असे आपले म्हणणे नाही, हे खुद्द कार्सनबाईंनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांच्या भक्तांना आणि निंदकांना दोघांनाही त्याचा विसर पडतो.

आणि गंमत अशी की या पद्धतीचे बीज त्यांच्याच आठव्या प्रकरणात आहे. एल्मचा रोग बुरशीचा, आणि बुरशी वाहून नेतो सालीखाली राहणारा भुंगेरा. तो १९३० च्या सुमारास अमेरिकेत आला तो युरोपातून आणलेल्या, व्हेनिअर काढायच्या ओंडक्यांतून. रोगट आणि मेलेले लाकूड वेळेवर काढून जाळले तर भुंगेऱ्याला घरच उरत नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहराचे उदाहरण बाई देतात : १९५१ ते १९५६ या काळात तिथे तीन हजारांच्या आसपास एल्म गेले, मग सफाईची कडक मोहीम सुरू झाली आणि मरणाऱ्या झाडांचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्या खाली आले. जिथे फवारणीवर भर होता तिथे पक्षीही गेले आणि एल्मही. पुस्तकातील हा आमच्या मते सर्वांत उपयुक्त भाग आहे आणि वर्गात तो कधीच वाचला जात नाही, कारण त्यात मेलेला रॉबिन नाही. कुऱ्हाड आणि शेकोटी आहे.

पण ओंडके आले तरी कसे, कोणी आणले, कोणी तपासले नाहीत, हे इथेही एका ओळीत संपते. हा प्रश्न तेव्हा नीट विचारला गेला असता तर पुढचा एक प्रसंग कदाचित टळला असता. १९६० च्या दशकात याच रोगाचा अधिक जहाल प्रकार उत्तर अमेरिकेतून साल न काढलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनला गेला आणि तिथले अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. एका खंडाने दुसऱ्याला दिलेला रोग पहिल्याकडे व्याजासह परत आला, आणि दोन्ही वेळा वाहन एकच : साल असलेला ओंडका.

आपल्याकडे काय? १९९७ च्या सुमारास मध्य प्रदेशात सालवृक्षांवर भुंगेऱ्याची मोठी धाड पडली होती, पण तो भुंगेरा इथलाच. परक्या किड्याचे उदाहरण हवे असेल तर सुबाभळीचे घ्यावे. सुबाभूळही मूळची मध्य अमेरिकेतली. चारा आणि सरपणासाठी महाराष्ट्रात तिचा जोरात प्रसार झाला. तिच्या कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारा सायलिड नावाचा बारीक किडा १९८४ मध्ये हवाईत, मग आग्नेय आशियात आणि १९८८ मध्ये भारतात पोचला. उपाय म्हणून परदेशी ढालकिडा आणून सोडला. निलगिरीच्या पानांवर गाठी करणारी ऑस्ट्रेलियातली गांधीलमाशी या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात दिसली. आपल्याकडे १९१४ पासून यासाठी कायदा आहे आणि रोपे-लाकूड आणण्यासंबंधीचा सविस्तर आदेश २००३ चा. पाठ्यपुस्तकांत मात्र कीडनियंत्रण म्हटले की रासायनिक आणि जैविक अशी दोनच शीर्षके असतात, कार्सनबाईंच्या दोन वाटांसारखी. किडा येऊ न देणे, आणि आला तर त्याला पुढे वाहून न नेणे, याला शीर्षकच नाही.

शिक्षकांनी आठवे आणि दहावे प्रकरण मुलांकडून वाचून घ्यावे असे आम्ही सुचवू. किडा कसा आला हे सांगणाऱ्या ओळींखाली एका रंगाने आणि आल्यानंतर माणसाने काय केले त्याखाली दुसऱ्या रंगाने रेघ मारायला सांगावे. पाने कोणत्या रंगाने भरतात ते मुलांनाच दिसेल.

जोडीला एक निरीक्षण करता येईल. परदेशातून आलेल्या यंत्रांच्या, फरशांच्या लाकडी खोक्यांवर आणि पॅलेटवर एक भाजलेला किंवा छापलेला शिक्का असतो : गव्हाच्या कणसासारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, काही आकडे आणि शेवटी एचटी किंवा एमबी. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे लागते, ते एचटी. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. ओझोनचा थर खाणारा हा वायू मॉन्ट्रियल करारानुसार इतर कामांसाठी बंद होत गेला, पण क्वारंटाइनसाठी त्याला सूट आहे; यावर वर्गात चांगला वाद होऊ शकेल. देशातल्या देशात फिरणाऱ्या खोक्यांना शिक्का लागत नाही, तेव्हा तो नसला म्हणून लगेच संशय घेऊ नये. लाकडावर साल शिल्लक आहे का ते पाहावे. भोके असतील तर त्यांचा आकार पाहावा. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर तो आपल्या घरच्या पाटा-पलंगांतही सापडणारा किडा. पेन्सिल जाईल एवढे वाटोळे भोक बहुधा लांब शृंगांच्या भुंगेऱ्याचे असते. आणि एका बाजूने सपाट, आडव्या पडलेल्या अर्धचंद्रासारखे भोक दिसले तर ते ॲश मारणाऱ्या भुंगेऱ्याच्या कुळातील एखाद्या किड्याचे असण्याची शक्यता आहे. त्या लाकडाचा तुकडा काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून ठेवावा आणि जवळच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागाला दाखवावा.